चणक, जिताडा आणि तेरेखोलचे पाणी

तेरेखोल नदी सह्याद्रीत उगम पावते, बांद्यावरून वाहत येते आणि खालच्या टप्प्यात महाराष्ट्र व गोवा यांची सीमा होते. उत्तरेला सिंधुदुर्ग, दक्षिणेला पेडणे तालुका. मुखाशी मात्र हा सरळ हिशेब मोडतो. तेथे उत्तर तीरावरचा तेरेखोलचा किल्ला आणि त्याला लागून असलेले लहानसे गाव गोव्यात आहे. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला आणि त्या लढाईचा निकाल आजच्या राज्यसीमेत जसाच्या तसा उतरला. गोव्याच्या माणसाला गोव्यातल्याच या गावी जायचे तर केरीहून फेरीबोट धरावी लागते. रस्त्यानेच जायचे म्हटले तर महाराष्ट्रात शिरून रेडीच्या बाजूने वळसा घालावा लागतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकावला होता, हे आमच्या पलीकडच्या वाचकांना आठवत असेलच.

सीमाभागातील भाषेविषयी लिहिताना कायदे, शाळांचे दाखले, जमिनीचे कागद यांचा आधार घेणे हा आम्हां वकील मंडळींचा स्वभाव. या खेपेस आधार मासळीचा आहे. गेल्या मे महिन्यात पुण्याचा आमचा भाचा सुटीवर आला आणि त्याच्या हट्टाखातर आम्ही एक दिवस तेरेखोलच्या खाडीत गळ टाकण्यात घालवला. आम्ही डिचोलीचे, म्हणजे खाणींच्या तालुक्यातले. मांडवीतून खनिज वाहून नेणारे बार्ज पाहत वाढलो. समुद्राची मासळी आम्हांला ठाऊक ती बाजारातली, पाटीत मांडलेली. ती पाण्यातून वर येताना पाहण्याचा योग पन्नाशी उलटल्यावर आला.

हल्ली गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना नौका भाड्याने देऊन हौशी मासेमारी घडवण्याचा व्यवसाय चांगला चालतो. त्यात हलक्या गळाची मासेमारी हा एक खास प्रकार आहे. सहा-सात फुटांची लवचीक काठी, मुठीत मावेल एवढे रीळ, गोफासारखी विणलेली बारीक दोरी आणि जिवंत आमिषाऐवजी रंगवलेला खोटा मासा, एवढे साहित्य. खोल समुद्रात जायचे नाही. खडकांच्या कडेने, खाडीच्या मुखाशी, कांदळवनाच्या मुळांपाशी गळ फेकायचा. दोरी बारीक असल्याने मासा नुसता ओढून घेता येत नाही. त्याला पळू द्यावे लागते, रिळाची पकड किती सैल किंवा घट्ट ठेवायची याचा अंदाज बांधावा लागतो आणि तो दमला की मगच जवळ आणावा लागतो.

पौर्णिमेला दोन दिवस होऊन गेले होते. पहाटे साडेपाचला केरीच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा सुकती संपत आली होती आणि मतलई वारा अंगाला गार लागत होता. नौका फायबरची, मागे एक यंत्र. नौकेवर दोन माणसे: पाहुण्यांना मासेमारी शिकवणारा बाहेरगावचा तरुण मार्गदर्शक आणि सुकाणूवर पासष्टीच्या घरातला पेडण्याचाच एक तांडेल. आमच्याखेरीज कोल्हापूरचे एक जोडपेही होते.

नौकेत पाय ठेवण्यापूर्वी मार्गदर्शकाने प्रत्येकाच्या हाती दोन पानी छापील कागद दिला आणि सही मागितली. कागद इंग्रजीत होता. कोल्हापूरच्या गृहस्थांनी विचारले, ‘‘यात काय आहे?’’ उत्तर मिळाले, ‘‘बस फॉर्मॅलिटी है, सर.’’ दोघांनी सह्या केल्या. आम्ही वाचला. पाहुण्याचा मृत्यू झाला, अगदी नौकेवरील माणसांच्या निष्काळजीपणाने झाला तरीही मालकावर कसलीही जबाबदारी येणार नाही, असे त्यात तिसऱ्याच कलमात होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या तेराव्या कलमाने संमतीची व्याख्या फार सुंदर केली आहे: दोन पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे. धक्क्यावरच्या त्या सहीत एकच गोष्ट कोठे होती आणि एकच अर्थ कोठे होता? २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात अन्यायकारक कराराची कल्पना आली आहे आणि अशा कलमाला तिच्या आधारे आव्हान देता येईल; पण आव्हान देण्याची वेळ अपघातानंतर येते. आम्ही ते कलम खोडून, शेजारी आद्याक्षरे घालून सही केली. भाचा संकोचून म्हणाला, ‘‘मामा, इथेही?’’

खरी सुरक्षेची सूचना त्यानंतर दहा मिनिटांनी मिळाली आणि ती कोणत्याही कागदावर नव्हती. मुखाशी वाळू साचून पाणी उथळ झालेले असते. सुकतीच्या शेवटी तेथे लाटा उभ्या राहतात. तांडेलाने यंत्राचा वेग कमी केला आणि मान न वळवता म्हटले, ‘‘लाट इली तर उठूचा नाय. फळी धरून बसा, पाय रुंद ठेवा. मी सांगासर कोणी हलू नका.’’ कोल्हापूरच्या बाईंनी लगेच दोन्ही हातांनी फळी धरली. पेडण्याची बोली त्यांनी पूर्वी कधी ऐकली नसावी, पण त्यांना एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. लाट नौकेखालून गेली, आम्ही सारे नखशिखान्त भिजलो आणि पार झालो.

किल्ल्याच्या खालच्या खडकांपाशी तासभर गळ फेकले. तेथे काही लागले नाही. त्या तासात आम्ही ऐकण्याचेच काम केले. मार्गदर्शक भाच्याला सांगत होता: येथे ‘जीटी’ मिळतो, आत ‘मँग्रोव्ह जॅक’ मिळेल, नशीब असेल तर ‘बारा’, म्हणजे बारामुंडी. भाच्यालाही हीच नावे ठाऊक होती. मोबाइलवरच्या चित्रफितींतून तो ती शिकला होता. प्रत्येक नाव उच्चारले गेले की तांडेल सुकाणूशी पुटपुटल्यासारखे दुसरे नाव घ्यायचा. जीटी म्हटले की ‘कोकर’. मँग्रोव्ह जॅक म्हटले की ‘तांबोशी’. बारामुंडी म्हटले की ‘चणक’. तो कोणाला दुरुस्त करीत नव्हता. स्वतःच्या मनाशी हिशेब ठेवल्यासारखे त्याचे चालले होते.

भरती लागली तसे आम्ही आत वळलो. उजव्या हाताला पेडणे, डाव्या हाताला तेरेखोल गाव संपल्यावर महाराष्ट्र. एका वळणावर तांडेलाने डावीकडे हनुवटीने खूण केली आणि सांगितले की येथून पुढे पलीकडचा काठ सावंतवाडीचा. थोडे पुढे आरोंदा, त्याच्या समोर आमचे किरणपाणी. त्याची धाकटी बहीण आरोंद्यास दिलेली. मेव्हणाही मासे मारतो, त्याच पाण्यात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय, त्यामुळे या एका नदीला दोन कायदे लागू: गोव्याचा १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि महाराष्ट्राचा १९८१ चा. पावसाळी बंदी मात्र दोन्हीकडे १ जूनलाच सुरू होते; बाकी कशावर एकमत होवो न होवो.

आता नावांकडे वळू. तांडेलाला आम्ही विचारले, ‘‘भाऊ, तुमचा मेव्हणा या माशांना काय म्हणतो?’’ त्याला प्रश्नच कळला नाही. काय म्हणणार? तेच म्हणतो.

यात भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे बरेच आहे. ज्या माशाला मुंबई-पुण्याचा माणूस सुरमई म्हणतो, त्याला पेडण्यात इसवण म्हणतात आणि वेंगुर्ल्यात, मालवणातही इसवणच म्हणतात. मुंबईची मुशी येथे मोरी होते आणि मालवणातही मोरी. मुंबईच्या बाजारातली नगली येथे मुडदुशी आहे, मालवणातही मुडदुशी. उलट दिशेने पाहिले तर चणक या नावाने आपण ज्याला ओळखतो तोच मासा रायगडात जिताडा म्हणून प्रसिद्ध आहे. अलिबाग-पेणकडे खाऱ्या जमिनीतल्या तळ्यांत तो मुद्दाम पाळतात आणि जावयाच्या ताटात मानाने वाढतात. मालवणात ज्या तिसऱ्या, त्या रायगडात शिवल्या. म्हणजे मासळीच्या नावांची सीमारेषा काढायची झाली तर ती तेरेखोलवर पडत नाही. ती उत्तरेला, निर्विवाद महाराष्ट्राच्या पोटातच कोठेतरी पडते. रायगडचा कोळी आणि मालवणचा गाबीत यांच्या शब्दांत जेवढे अंतर आहे, तेवढे मालवण आणि पेडणे यांच्यात नाही.

यावर आमचे कोकणीवादी स्नेही काय म्हणतील ते आम्ही जाणतो, कारण पणजीच्या न्यायालयाबाहेर चहा घेताना त्यांनी ते अनेकदा म्हटले आहे: याचा अर्थ मालवणी ही कोकणीच आहे. वारो, मासो, घोडो अशी ओकारान्त रूपे मालवणीत आहेत, कोकणीतही आहेत. मग आणखी पुरावा कशाला हवा? आणि आमच्या बाजूचे उत्साही कार्यकर्ते हाच पुरावा उलटा करून दाखवतात: पेडण्याची बोली ही मालवणीचाच पुढचा टप्पा, म्हणजे मराठीच. वकील म्हणून आमचे मत असे की दोन्ही पक्ष पुराव्याकडून त्याला पेलवेल त्याहून अधिक मागत आहेत. जमिनीच्या दाव्यात वहिवाट आणि मालकी या दोन निराळ्या गोष्टी असतात. मासळीच्या नावांनी वहिवाट सिद्ध होते, तीही सामाईक. या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकत्र काम करणाऱ्या, एकमेकांत सोयरिकी करणाऱ्या लोकांनी एक शब्दसंग्रह सामाईक वापरला, एवढे ती नावे सांगतात. त्यावरून संपूर्ण भाषेच्या मालकीचा हुकूमनामा मागता येत नाही, कोणालाच.

मग मराठीचा आमचा दावा कशावर उभा आहे, असे कोणी विचारील. तो लिखित व्यवहारावर, शाळेवर, देवळातल्या कीर्तनावर, दशावतारावर, वर्तमानपत्रावर उभा आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी हे नव्या काबिजादीतले तालुके. पोर्तुगिजांकडे ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आले, पेडणे तर १७८८ साली. जुन्या काबिजादीत १६८४ साली लोकभाषेच्या वापरावर बंदी घालणारे फर्मान निघाले तेव्हा आमचे तालुके त्यांच्या हाताखाली नव्हतेच. त्यामुळे लिहिण्या-वाचण्याची मराठी येथे खंडित झाली नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषा म्हटले आणि मराठीचाही वापर शासकीय कामासाठी मान्य केला, पण राजभाषा हा शब्द तिला दिला नाही. तो मिळावा ही मागणी आम्ही सोडलेली नाही आणि सोडण्याचे कारणही नाही. फक्त ती मागणी करताना तांडेलाच्या तोंडचा शब्द हिसकावून आपल्या बाजूला जमा करण्याची गरज नाही.

असो. त्या दिवशी पाण्यावर जे दिसले त्यात मराठी आणि कोकणी यांचा तंटा कोठेच नव्हता.

नऊच्या सुमारास कांदळवनाच्या कडेला भाच्याचा गळ पहिल्यांदा ओढला गेला. तांबोशी तिवरांच्या मुळांत, खडकांच्या सावलीत दबा धरून बसते. आमिष गिळले की ती उघड्या पाण्याकडे पळत नाही. आल्या वाटेने थेट मुळांत घुसते. हलक्या दोरीचा तेथे निभाव लागत नाही. भाच्याची काठी वाकली, रीळ दोनदा कुरकुरले आणि दोरी तुटून वाऱ्यावर लोंबू लागली. तीन-चार सेकंदांचा सारा खेळ. मार्गदर्शकाने इंग्रजीत हळहळ व्यक्त केली. तांडेल म्हणाला, ‘‘तांबोशी घराक गेली.’’ तांबूस रंगावरून पडलेले हे नाव, आणि घराकडे पळण्याची तिची खोड त्या एका वाक्यात आली. भाच्याने ते नाव दोनदा उच्चारून पाहिले. पुण्यात जाऊन तो काय म्हणेल ते सांगता येत नाही.

पुढच्या वळणावर, जेथे शेतातले पाणी मानशीच्या दारातून खाडीत उतरते, तेथे तांडेलाने यंत्र बंद केले. मानस म्हणजे खाजन शेताच्या बांधातले लाकडी दारांचे तोंड. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये आणि आतले पाणी सुकतीला बाहेर पडावे यासाठी केलेली जुनी व्यवस्था. त्या तोंडाशी लहान मासळी जमते, आणि तिच्यामागे मोठी. तांडेलाने आम्हांला बोटाने जागा दाखवली. आम्ही फेकलेला खोटा मासा तीन हात बाजूला पडला, तरीही तो घेतला गेला.

त्यानंतरची दहा-बारा मिनिटे आम्ही कशी काढली ते आम्हांलाच नीट सांगता येणार नाही. मासा पाण्याबाहेर पूर्ण उसळला, डोके झटकले, कल्ल्यांची झाकणे उघडून खडखडवली आणि परत पडला. रुपेरी, रुंद, पाठीवर काळपट झाक. आमचा हात आपोआप रीळ आवळू लागला. मागून मार्गदर्शक ‘ड्रॅग, ड्रॅग’ असे ओरडत होता. तो शब्द आम्हांला त्या क्षणी काहीच सांगत नव्हता. तांडेलाचे वाक्य मात्र सरळ हातात उतरले. ‘‘गडबड नको, वकिलांनू. हात सैल सोडा. तो थकासर रवया.’’ आम्ही थांबलो. मासा पुन्हा दोनदा उसळला, मग त्याच्या धावा आखूड झाल्या आणि तो कुशीवर वळून नौकेपाशी आला. तांडेलाने खालून ओली जाळी सरकवली आणि भाच्याचा पुढे झालेला हात बाजूला केला, कारण चणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते आणि सराव नसलेल्याची बोटे ती कापते.

पट्टीवर अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर भरला. वजन केले नाही.

येथे एक लहानसा वाद झाला. या व्यवसायातली प्रथा अशी की छायाचित्र काढायचे आणि मासा परत पाण्यात सोडायचा. मार्गदर्शक सोडायला सांगू लागला. तांडेलाने प्रथमच थेट त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘खावचो नाय तर धरूचो कित्याक?’’ प्रश्न साधा होता आणि मार्गदर्शकाने दिलेले उत्तर, की हा खेळ आहे, तांडेलाला उत्तर वाटले नाही. आम्हांलाही पुरते पटले नाही, हे सांगून टाकतो. पोटासाठी चार पिढ्या गळ टाकणाऱ्या माणसासमोर माशाचा खेळ करावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी, यात काहीतरी खटकते.

पण चणकाच्या बाबतीत सोडण्याला एक भक्कम कारण आहे. हा मासा जन्मतो तो नर म्हणून आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे मोठा चणक हा बहुतेक वेळा मादी असतो. तो खाडीत, गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला पावसाळ्याच्या तोंडाशी नदीमुखाच्या खाऱ्या पाण्याकडे उतरतो. मे महिन्याच्या शेवटी मिळालेला एवढा मोठा मासा मारणे म्हणजे पुढच्या काही वर्षांची मासळी मारणे. हे आम्ही वाचलेले होते आणि आमच्या प्रमाण मराठीत तांडेलाला सांगू लागलो. वाक्य अर्धे झाले तोच त्याने माशाच्या पोटावरून तळहात फिरवला आणि म्हटले, ‘‘गाबोळी आसतली. पावसाच्या तोंडार आसताच.’’ आणि जाळी पाण्यात बुडवून त्याने स्वतःच मासा सोडला. सोडण्याआधी त्याला शेपटीपाशी धरून काही वेळ पाण्यात पुढे-मागे हलवले, कल्ले चालू लागले की मगच हात काढला.

आम्ही ज्याला प्रजननकाळ म्हणतो, शासकीय परिपत्रक ज्यासाठी १ जूनची तारीख घालते, ते सारे ज्ञान ‘गाबोळी’ आणि ‘पावसाच्या तोंडार’ या शब्दांत त्याच्याजवळ होते. मार्गदर्शकाला हे शब्द येत नव्हते आणि तांडेलाला ‘ब्रीडिंग सीझन’ हा शब्द येत नव्हता, म्हणून एका नौकेवर दोन हंगाम काढूनही त्या दोघांत याविषयी कधी बोलणे झाले नव्हते. मार्गदर्शक तरुण मन लावून काम करणारा होता. दोष असलाच तर या व्यवसायाच्या मांडणीत आहे, जिने पाण्याविषयी सर्वांत जास्त जाणणाऱ्या माणसाला केवळ सुकाणू धरणारा नोकर करून ठेवले आणि त्याचे शब्द पाहुण्यांपर्यंत पोहोचण्याची सोयच ठेवली नाही.

परतीच्या वाटेवर भाच्याने मोबाइलवर बारामुंडी हा शब्द शोधला. तो मूळचा इंग्रजी नाहीच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या रॉकहॅम्प्टन भागातील मूलनिवासींच्या भाषेतून तो आला आणि त्याचा अर्थ मोठ्या खवल्यांचा, नदीतला मासा, असा सांगतात. आम्हांला ही माहिती फार बोलकी वाटली. एका लहान समाजाचा शब्द व्यापारावर आणि हौशी मासेमारीवर स्वार होऊन साऱ्या जगात गेला, आमच्या खाडीपर्यंत आला. बंगालात याच माशाला भेटकी म्हणतात, तमिळनाडूत कोडुवा, केरळात काळांजी, रायगडात जिताडा. भेटकी कोलकात्याच्या उपाहारगृहात अजून ताठ मानेने भेटकीच आहे; तेथील भोजनपत्रिकेने तिला बारामुंडी केलेले नाही. कारण तेथे ग्राहक तो शब्द वापरतो आणि विक्रेत्याला तो वापरावा लागतो. शब्द टिकवण्याचे काम तेथे शासनाने केलेले नाही.

तांडेलाचे दोन नातू आहेत. दोघेही इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. त्यांच्या आईची शाळा मराठी होती. गोव्यात २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना शासकीय अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा मराठीवादी आणि कोकणीवादी अनेक मंडळी एका व्यासपीठावर आली होती, हे येथे नोंदवणे अगत्याचे आहे. १९६७ च्या जनमत कौलापासून एकमेकांसमोर उभे असलेले लोक तेथे शेजारी बसले. त्या कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली होती. त्या आकड्यांवर आमच्या घरात तीन पिढ्या वाद झाले आहेत. तांडेलाचा थोरला नातू मात्र चणकाला बारामुंडी म्हणतो, कारण आजोबांच्या नौकेवर येणारे पाहुणे तसे म्हणतात आणि बक्षिसीही त्याच शब्दाबरोबर येते. तांडेलाने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. नातू हुशार आहे, अशा अर्थी सांगितले.

धक्क्यावर उतरल्यावर आम्ही त्या व्यवसायाच्या चालकांना लेखी पत्र दिले. त्यात दोन गोष्टी मागितल्या. सहीचा कागद देवनागरीतही छापावा, मराठीत आणि कोकणीत; दोन्ही एका पानावर मावतात. आणि नौकेवर लावलेल्या माशांच्या रंगीत चित्रफलकावर इंग्रजी नावाखाली येथील नाव घालावे. पहिल्या मागणीला अद्याप उत्तर नाही. दुसरीला होकार आला आहे, पण यादी तुम्हीच द्या, असे सांगितले आहे.

यादी आम्ही तांडेलाकडे बसून केली. चौदा मासे झाले. ‘सुरमई’ आम्ही आधी लिहिले होते, ते त्याने खोडायला लावून ‘इसवण’ घातले. ‘रावस’ त्याने तसाच ठेवला. फलकावरील एका माशाजवळ तो बराच वेळ थांबला, त्याच्या लहानपणी त्याला निराळे नाव होते आणि ते त्याला आठवेना. बहिणीला विचारून कळवतो म्हणाला. ती जागा आम्ही कोरी सोडली आहे.

आता पलीकडच्या वाचकांकडे एक काम आहे. शिरोडा, वेंगुर्ले, मालवण, देवगड या बाजूचे वाचक आणि दक्षिणेला कारवारकडील मराठी बांधव यांनी आपापल्या बंदरातली नावे आम्हांस कळवावीत. विशेषेकरून दोन गोष्टी हव्या आहेत. चणक लहान असताना त्याला तुमच्याकडे वेगळे नाव आहे काय? आणि तांबोशी खडकाळ समुद्रातली आणि खाडीतली अशी दोन नावांनी ओळखली जाते काय? नाव ज्याच्या तोंडून ऐकले त्याचे गाव, वय आणि मासेमारीचा प्रकार, म्हणजे रापण, पाग की गळ, एवढेही लिहावे. शब्दकोशातून पाहून लिहू नये.